घंटीवरचं शून्य

द्वारकाताईंच्या संगणकावर एका वेळी तीस-चाळीस टॅब उघडे असायचे. वरची पट्टी इतकी दाटलेली असायची की एकेका टॅबवर नावाचं एक अक्षरही मावत नसे. आमचे प्राचार्य एकदा त्यांच्या मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अहो ताई, मशीन बसेल की अशानं."

ताईंनी मानही वळवली नाही. "मशीनला काय होतंय सर. कप्पा मिटला की पोरगी हरवती."

टॅबला त्या कप्पा म्हणत. एकेका कप्प्यात एकेका मुलीचा अर्ज असायचा आणि कुठल्या कप्प्यात कोण आहे ते ताईंना पाठ असायचं. "सातव्यात मनीषा हाय, तिचं पासबुक धूसर आलंय. अकराव्यात ती कडा गावाची. तिच्या बापाचं नाव आधारवर येगळंच हाय."

मी आष्टीच्या त्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. कार्यालयात जागा नव्हती आणि इंटरनेटची वायर ग्रंथालयापर्यंतच पुरली, म्हणून ताईंचं टेबल माझ्या टेबलाला काटकोनात लागलं. सहा वर्षं आम्ही तसे काटकोनात बसलो. त्यांच्याबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं त्या खुर्चीवरून पाहिलेलं.

चाळिशीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र शेतातून शेतात पोचेल असा. संगणकापुढे बसताना चप्पल काढून भिंतीला लावून ठेवायच्या. ज्या क्लासात शिकल्या तिथं चपला बाहेर काढाव्या लागत, ती सवय सुटली नाही. सातवीपर्यंत आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेल्या. उजव्या हाताची तर्जनी शेवटच्या पेरात वाकडी होती, लहानपणी कोयता लागलेला. त्यामुळे माऊस त्या मधल्या बोटानं दाबायच्या. पुढं मावशीकडं राहून शिकल्या, लग्न झालं, नवऱ्याची आष्टीत पिठाची गिरणी. तिशी उलटल्यावर संगणकाचा क्लास लावला आणि आमच्याकडं कंत्राटी कारकून म्हणून लागल्या. दर मार्चमध्ये नेमणूक संपायची, दर जूनमध्ये पुन्हा व्हायची. मधल्या दोन महिन्यांतही त्या येऊन बसत. मी एकदा विचारलं, "ताई, आता तर तुम्ही नोकरीत नाहीत."

"मी न्हाई, पण अर्ज हायेत न्हवं."

एक शिष्यवृत्ती होती, ऊसतोड घरांतल्या मुलींसाठी. देणाऱ्या संस्थेचं नाव इथं सांगत नाही, कारण पुढं जे घडलं त्यात तिची चूक होती आणि तिनं ती सुधारलीही. अर्ज संस्थेच्या संकेतस्थळावर भरायचा. अडचण अशी की अर्ज भरताना जो ओटीपी येतो तो बापाच्या मोबाईलवर येतो, आणि बाप दिवाळीनंतर कुठल्या तरी साखर कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या फडात. ताईंकडं तालुक्यातून तोडीच्या टोळ्या नेणाऱ्या बहुतेक मुकादमांचे नंबर होते. त्या मुकादमाला फोन लावत, मुकादम कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर जाई, आणि मग आकडे विचारणं सुरू होई.

एकदाचं मला अजून आठवतं. बाप फडात होता, मोबाईल कोपीत आईपाशी. आईला अक्षर येत नव्हतं, आकडेही तुटक. ओटीपी पाचच मिनिटं चालतो. ताई फोनवर म्हणाल्या, "मावशे, घाबरू नको. आकडा कसा दिसतोय तेवढं सांग. पहिला कसाय?"

तिकडून आवाज आला, "उभी काठी हाय."

"लई बेस. दुसरा?"

"दोन भोकं. एकावर एक."

"कळलं. तिसरा?"

"बदकावानी."

असे सहा आकडे झाले. अर्ज पुढं सरकला तेव्हा ताईंनी फोनवर सांगितलं, "मावशे, तुझ्या पोरीचा अर्ज तू भरलास बरं का. मी नुसती बोटं चालवली." पलीकडची बाई हसत होती ते मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू आलं.

अर्ज भरला की काम संपत नसे. संस्थेची माणसं तो तपासत, काही उणं असलं की परत पाठवत. परत आल्याची सूचना संकेतस्थळावरच येई. वरच्या कोपऱ्यात एक घंटी होती, तिच्यावर लाल ठिपक्यात आकडा. घंटी दाबली की सूचनांची यादी खाली उघडायची. न पाहिलेल्या सूचना ठळक, पाहिलेल्या फिक्या. ताईंची रीत ठरलेली. डावा हात कंट्रोलच्या बटणावर, उजव्या हाताचं मधलं बोट माऊसवर. कंट्रोल दाबून सूचना दाबली की ती नव्या टॅबमध्ये उघडते आणि यादी जागची हलत नाही. टक, टक, टक, असे वीस कप्पे त्या दोन मिनिटांत मांडत. जी सूचना उघडली तेवढीच फिकी होई, आकडा एकानं उतरे. मग एकेक कप्पा घेऊन दिवसभर बसायचं.

डिसेंबरात संकेतस्थळ नवं झालं. रंग बदलले, अक्षरं मोठी झाली. ताईंना ते आवडलंही. "नवी पैठणी नेसलीय आज," असं म्हणाल्या. संकेतस्थळाबद्दल त्या नेहमी बाईमाणसासारखं बोलत.

मग जानेवारीत एका दुपारी अश्विनी आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, वसतिगृहात राहायची, आईबाप कर्नाटकात तोडीवर. म्हणाली, "ताई, माझ्या खोलीतल्या सगळ्यांचं मंजूर झालंय. माझंच कावून न्हाई?"

ताईंनी तिचा अर्ज उघडला. तो बारा दिवसांपूर्वी परत आला होता. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा जोडलेला. दुरुस्तीची मुदत संपायला तीन दिवस राहिलेले.

ताईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या खुर्चीवरून उठल्या आणि त्या पोरीपुढं हात जोडून म्हणाल्या, "बाई, माझ्याकडनं सुटलं. तुझं वरीस जाऊ देत न्हाई मी."

पुढचे तीन दिवस त्या तहसीलला होत्या. बापाला मुकादमाच्या फोनवरून बोलतं केलं, गावच्या तलाठ्याला गाठलं, दाखला काढला, शेवटच्या दिवशी चार वाजता चढवला. अश्विनीचं काम झालं. दुसरी कुणी असती तर सुटकेचा निःश्वास टाकून बसली असती. ताई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या, चप्पल भिंतीला लावली आणि खुर्चीत न बसता माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सर, मी रात्रीपासनं इचार करतीय. माझ्याकडनं सुटलं न्हाई. मला दावलंच न्हाई तिनं."

"कुणी?"

त्यांनी संगणकाकडं बोट केलं. "तुमी इकडं या. साक्षीला उभं ऱ्हावा."

घंटीवर नऊचा आकडा होता. त्यांनी घंटी दाबली, यादी उघडली, नऊ ठळक ओळी. कंट्रोल दाबून पहिली ओळ दाबली. नवा टॅब उघडला. ताई परत जुन्या टॅबवर आल्या. यादी मिटली होती. घंटीवर शून्य. पुन्हा यादी उघडली तर नऊच्या नऊ ओळी फिक्या.

"एक बघितली," त्या म्हणाल्या, "आणि हिनं नऊ बघितल्या म्हणून लिवून टाकलं."

मला आधी त्यातली गोम कळली नाही. मी म्हणालो, "पण ओळी तर आहेत ना यादीत? एकेक उघडायच्या."

"सर, यादीत एका टायमाला दहाच दिसत्यात. सकाळी नव्या आल्या की जुन्या खाली ढकलल्या जात्यात. शून्य दिसल्यावर कोण खाली जाऊन बघतंय? मी बी न्हाई बघितलं."

त्या दिवशी त्यांनी शाळकरी पोरं वापरतात तशी एक दोनशेपानी वही आणली. पानाच्या डाव्या बाजूला 'काय केलं', उजव्या बाजूला 'काय झालं'. नव्या सूचना आल्या की एकदा साधं दाबून बघायचं, एकदा कंट्रोल धरून, एकदा उजवं बटण दाबून 'नवीन टॅबमध्ये उघडा' म्हणून, एकदा माऊसचं चाक दाबून. मग हेच माझ्या संगणकावर, मग भौतिकशास्त्र विभागाच्या. साधं दाबलं की त्याच पानात सूचना उघडे आणि आकडा बरोबर एकानं उतरे. नव्या टॅबात उघडलं, कुठल्याही रीतीनं, की शून्य. मदतीच्या नंबरवर फोन केला तर तिकडचा मुलगा म्हणाला, ब्राउझर बदला. बदलला, वहीत लिहिलं. म्हणाला, जुना साठा साफ करा. केला, लिहिलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही साधंच क्लिक करा ना."

"करीन की दादा," ताई म्हणाल्या. "पर माज्यावानी नव्या कप्प्यात उघडणाऱ्या जिल्ह्यात किती हायेत? त्यांला कोण सांगणार?"

मग त्यांनी आमच्या कॉलेजातले त्या शिष्यवृत्तीचे झाडून सगळे अर्ज एकेक करून उघडले. तीन दिवस लागले. परत आलेले, आणि कुणाच्याच नजरेला न पडलेले, सतरा निघाले.

नेमक्या त्याच आठवड्यात संस्थेचं पत्र आलं. प्रत्येक कॉलेजनं घंटीवरच्या आकड्याचा फोटो काढून 'न पाहिलेल्या सूचना: शून्य' असा अहवाल सही करून पाठवायचा. प्राचार्यांनी अहवाल छापून ताईंकडं पाठवला. ताईंनी तो तसाच परत पाठवला. तेव्हा प्राचार्य स्वतः ग्रंथालयात आले.

"ताई, सगळ्या कॉलेजांचा गेला. आपलाच अडलाय."

"सर, दिसतंय शून्य. हाईत सतरा. कशावर सही करू सांगा."

"सतरा आपण नंतर बघू. स्क्रीनवर शून्य आहे ना? मग अहवाल खोटा कसा?"

"स्क्रीन खोटी हाय म्हणून."

प्राचार्य वाईट माणूस नव्हता, पण वरून आलेल्या कागदाला भिणारा होता. आवाज खाली आणून ते म्हणाले, "मार्च जवळ आलाय ताई. तुमच्या नेमणुकीचा कागद माझ्याच टेबलावर येतो."

मी पुस्तकावरची धूळ पुसत होतो तो थांबलो. ताईंनी वही मिटून पुढ्यात ठेवली. मग म्हणाल्या, "येऊ द्या सर. तुमी नका घेऊ मला. पर ह्या सतरा पोरींच्या आया फडात हायेत, त्यांला वाटतंय आष्टीत द्वारका हाय. मी शून्यावर सही करत न्हाई."

प्राचार्य निघून गेले. संध्याकाळी शिपाई आला आणि ताईंची वही मागून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी वही परत आली तेव्हा तिच्याबरोबर संस्थेला लिहिलेलं पत्र होतं, खाली प्राचार्यांची सही, आणि एक ओळ: आपण बीड येथे बोलावलेल्या बैठकीला मी व श्रीमती द्वारकाबाई दोघेही उपस्थित राहू. मलाही त्यांनी बरोबर घेतलं. ताई म्हणाल्या, "साक्षीदार लागंल."

बीडला मोठ्या सभागृहात जिल्हाभरातले कारकून आणि ऑपरेटर जमले होते. पुण्याहून आलेला एक तरुण इंजिनिअर पडद्यावर नवं संकेतस्थळ दाखवत होता. प्रश्न विचारा म्हणाल्यावर ताई उभ्या राहिल्या. माईक त्यांनी घेतलाच नाही.

"साहेब, घंटी दाबा."

त्यानं दाबली. चाचणीसाठीच्या बारा सूचना होत्या.

"आता एक नव्या टॅबात उघडा. कंट्रोल धरून."

"मॅम, बहुतेक लोक असं करत नाहीत," तो हसून म्हणाला.

मागून कुणीतरी ओरडलं, "आमी करतो!" आणि सभागृहात खसखस पिकली.

इंजिनिअरनं कंट्रोल धरून दाबलं. नवा टॅब. तो जुन्या टॅबवर परत आला. पडद्यावर भलंमोठं शून्य.

"एक मिनिट," तो म्हणाला. पान नव्यानं उघडलं, दुसऱ्या चाचणीच्या खात्यातून आला, उजवं बटण दाबून पाहिलं. पुन्हा शून्य. आता कुणी हसत नव्हतं. पाटोद्याकडचा एक वयस्कर हेडक्लार्क सावकाश उभा राहिला आणि त्यानं एवढंच विचारलं, "मग आमी जे शून्य लिवून दिलं, त्याचं काय?"

ताईच बोलल्या. "तुमची चूक न्हाई दादा. माजी बी न्हवती. घरी जाऊन सगळे अर्ज एकेक उघडा. आन् साहेब, तुमी मुदत वाढवा. पोरींनी काय केलंय?"

तो इंजिनिअर मनाचा सरळ होता. मंचावरून खाली उतरून आला, ताईंच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसला आणि वहीची पानं उलटू लागला. बराच वेळ वाचत होता. मग विचारलं, "ताई, हे तुम्हाला कुणी शिकवलं? असं पायरी पायरीनं लिहायचं?"

"कोण शिकवणार? खोटं ठरू नये म्हणून लिवलं."

त्यानं एकेका पानाचा फोटो काढून घेतला. मुदत तिथंच वाढवून जाहीर झाली. पुढच्या काही दिवसांत तालुक्या-तालुक्यातून फोन येत राहिले: आमच्याकडं चार निघाले, आमच्याकडं अकरा. ताई फोन ठेवल्यावर आकडा सांगत आणि प्रत्येक वेळी त्यांची मान जरा ताठ होई.

बीडहून परत येताना एसटीत प्राचार्य त्यांच्या पुढच्या बाकावर होते. अर्ध्या वाटेत मागं वळून म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी नेमणुकीचं बोललो ते चुकलं माझं."

ताई म्हणाल्या, "सर, तेवढी काच ओढा. धूळ यायलीय." प्राचार्यांनी काच ओढली. तो विषय त्या दोघांत पुन्हा कधी निघाला नाही, आणि त्या वर्षी ताईंचा नेमणुकीचा कागद मार्च उजाडायच्या आधीच तयार होता.

दुरुस्ती व्हायला थोडे आठवडे गेले. एका सकाळी मी दार उघडून आत आलो तर ताई आधीच येऊन बसलेल्या. "सर, बघा." कंट्रोल, मधलं बोट, टक. नवा टॅब उघडला. जुन्या टॅबवर यादी जशीच्या तशी उघडी, एकच ओळ फिकी, आकडा चौदावरून तेरा. टक. बारा. टक. अकरा. मी म्हणालो, "झालं की ताई, बघितलं मी." तरी त्या शेवटच्या सूचनेपर्यंत थांबल्या नाहीत. शेवटी शून्य आलं, खरं शून्य, आणि ताई खुर्चीला टेकून मोठ्यानं हसल्या.

संकेतस्थळावर खाली बारीक अक्षरात एक ओळ आली होती: 'सूचना मेनूच्या वर्तनात सुधारणा केली आहे.' मी म्हटलं, "तुमचं नाव टाकायला हवं होतं."

वाटलं, त्या म्हणतील नाव कशाला. पण ताईंनी ती ओळ छापून घेतली, नीट कापली आणि पर्समध्ये ठेवली. "गिरणीवर दावायची हाय. नाव टाकलं न्हाई त्यांनी, पर हे माजं हाय." दुसऱ्या दिवशी मी दळण घेऊन गेलो तर ती पट्टी गिरणीच्या खांबाला, विजेच्या मीटरशेजारी चिकटवलेली होती. त्यांचा नवरा, सगळा पांढरा झालेला, येणाऱ्या प्रत्येकाला ती वाचून दाखवत होता. 'मेनूचं वर्तन' म्हणजे काय ते त्याला नीट सांगता येत नव्हतं. "बायकोनं चूक धरली, पुण्याची," एवढं सांगायचा.

दोन वर्षांनी त्याच संस्थेनं ताईंना बोलावून घेतलं. जिल्ह्यातल्या ऑपरेटरांना शिकवायचं काम, कायमचं. जाताना त्या माझ्याशी निरोपाचं काही बोलल्या नाहीत, फक्त खिडकीजवळचा स्विच ढिला आहे तो बदलून घ्या म्हणाल्या. त्यांच्या जागी आलेल्या मुलीनं चार टॅबांवर पाचवा उघडला की मला उगीच बरं वाटायचं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. भाचीच्या कामासाठी परळीला गेलो होतो. एका शाळेच्या सभागृहापुढून जाताना आवाज ऐकू आला आणि पाय थांबले. तो आवाज चुकणं शक्य नव्हतं. आत साठ-सत्तर माणसं, पुढं पडदा, आणि पडद्यापुढं ताई, कुणाला तरी दामटत होत्या: "न्हाई दादा, मान डोलावू नका. करून दावा." मी मागच्या दारानं आत शिरून शेवटच्या बाकावर बसलो.

त्या बाकावर एक म्हातारी आधीच बसलेली होती. नऊवारी, हातावर गोंदण, मांडीवर प्रसादाची पिशवी. मी कुणाच्या तुम्ही म्हणून विचारलं तर म्हणाली, "द्वारकाची आई म्या. वैजनाथाला घेऊन आली मला. म्हणली, दर्शन झालं, आता जरा बस, माजं काम हाय." मग थोडं जवळ सरकून तिनं हळूच विचारलं, "काय सांगायलीय ती त्यांला?"

मी समजावून सांगायला लागलो. घंटी, यादी, नवा टॅब, आकडा. तिनं दोन वाक्यं ऐकली आणि हातानंच मला थांबवलं.

"ते मला न्हाई कळायचं, बाबा," ती म्हणाली. "पर ही सगळी शिकलेली माणसं गप बसून तिचं ऐकायलीत न्हवं?"

मी समोर पाहिलं. साठ-सत्तर माना वर होत्या. कुणी लिहून घेत होतं.

"हो आजी," मी म्हणालो. "सगळी ऐकायलीत."

म्हातारीनं पिशवी बाजूला ठेवली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि पाठ ताठ करून बसली.